फोल्डर बनलं, पण शेल जागचा हलला नाही: स्क्रिप्ट आणि शेल फंक्शन

"फोल्डर बनवून लगेच त्यात नेणारी स्क्रिप्ट लिहिली. फोल्डर बनतं, पण मी आहे तिथेच राहतो. काय चुकलं?" हा प्रश्न किती वेळा वाचायचा! उत्तरंही ठरलेली: परवानगी तपासा, पूर्ण पाथ द्या, पहिली ओळ बदला. यातलं काहीही लागू पडत नाही. स्क्रिप्ट बरोबरच असते. फक्त ते काम स्क्रिप्टचं नसून शेलमधल्या (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल) फंक्शनचं आहे.

स्क्रिप्ट तुम्हाला येते असं धरतो: फाइलीत कमांड, वर शिबँग (कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणारी पहिली ओळ), सीएचमॉड कमांडने दिलेली चालवायची परवानगी. फंक्शन म्हणजे त्याच कमांड, पण महिरपी कंसात, नाव देऊन बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी फाइलीत (बॅश किंवा झेडएसएच शेल सुरू होताना वाचतो त्या) ठेवलेल्या. अर्ग्युमेंट दोघांना सारखीच मिळतात आणि हाक मारायची पद्धतही सारखीच. म्हणूनच लोक दोघांना एक समजतात.

खरा फरक आहे प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा. स्क्रिप्ट चालवली की शेल फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) नवी प्रोसेस काढतो आणि स्क्रिप्ट त्या प्रोसेसमध्ये चालते. आपण सध्या कुठल्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) आहोत, ही नोंद युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते. नवी, म्हणजे चाइल्ड प्रोसेस ती नोंद आपल्याला काढणाऱ्या पेरेंट प्रोसेसकडून घेऊन जन्माला येते, पण नंतर तिने केलेला बदल पेरेंटपर्यंत पोचत नाही. तुमच्या स्क्रिप्टमधला सीडी, म्हणजे डिरेक्टरी बदलणारी कमांड, व्यवस्थित चालतो; तो त्या चाइल्डला नव्या फोल्डरमध्ये नेतो, पुढच्याच क्षणी स्क्रिप्ट संपते आणि ती प्रोसेसही संपते. एमकेडिर या फोल्डर बनवणाऱ्या कमांडने केलेला बदल मात्र डिस्कवर झालेला असतो, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. अर्धं काम झालेलं दिसतं आणि माणूस उरलेल्या अर्ध्यात चूक शोधत बसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) यांचंही असंच होतं.

हा पेच युनिक्सच्या बाळपणापासूनचा आहे. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरच्या युनिक्समध्ये फोर्क आला आणि डिरेक्टरी बदलणारी सीएचडिर कमांड चालेनाशी झाली, कारण ती आता फक्त चाइल्डची डिरेक्टरी बदलत होती. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. शेवटी ती कमांड शेलच्या आतच घ्यावी लागली. आजही सीडी शेलमध्ये बिल्ट-इन असतो, तो याच कारणाने.

विंडोजवरून आलेल्यांचा गोंधळ मी समजू शकतो. तिथे बॅच फाइल (तिथली स्क्रिप्ट) त्याच सीएमडी, म्हणजे तिथल्या शेलच्या, प्रोसेसमध्ये चालते. बदल फाइलीपुरते ठेवणारी सेटलोकल कमांड लावलेली नसेल तर तिच्यातला सीडी टिकतो.

फंक्शनसाठी नवी प्रोसेस निघत नाही. ते तुमच्या चालू शेलमध्येच चालतं, म्हणून त्यातला सीडी तुम्हालाच हलवतो. आत दोनच कमांड हव्यात: एमकेडिर -पी आणि सीडी. मध्ये दोन अँपरसँड (&&) द्या, म्हणजे पहिली जमली तरच दुसरी चालेल; अर्धविराम (;) नको. फोल्डर बनलंच नाही तर पुढे सरकायचं कशाला? नाव दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर स्पेस असलेल्या नावाचे तुकडे होतील.

यावर सुचवली जाणारी एक युक्ती मला अजिबात मान्य नाही: स्क्रिप्टच्या शेवटी नवा शेल सुरू करणे. आपण नव्या फोल्डरमध्ये आहोत असं दिसतं खरं, पण आता शेलच्या आत शेल आहे. बाहेरच्या शेलमध्ये सोडलेले जॉब्स (मागे चालू असलेली कामं) दिसत नाहीत आणि एक्झिट दोनदा द्यावं लागतं. स्क्रिप्ट दर वेळी सोर्स करणं (चालू शेलमध्येच चालवणं) तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण एकदा विसरलात की पुन्हा तोच घोळ. एलियस (कमांडला दिलेलं टोपणनाव) तर इथे निरुपयोगीच: दिलेलं नाव तो फक्त शेवटी जोडतो, आपल्याला ते दोन जागी हवं असतं.

याउलट प्रोजेक्टचा अख्खा सांगाडा उभा करायचा असेल, म्हणजे चार फोल्डर, टचने बनवलेल्या रिकाम्या फाइली, एक रीडमी, तर माझा आग्रह स्क्रिप्टचाच. ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा), मेकमधून (प्रोजेक्ट बांधणारं साधन), कुठल्याही शेलमधून चालते. फंक्शन ज्या शेलमध्ये लिहिलं त्यालाच ठाऊक. महिरपी कंसात नावं देऊन फोल्डर बनवत असाल तर शिबँगमध्ये बॅश लिहा. डेबियन आणि उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश हा वेगळा शेल, आणि डॅशला तो विस्तार कळत नाही; कंस आणि स्वल्पविरामांसकट एकच विचित्र नावाचं फोल्डर तयार होतं.

दोन्ही हवं असेल तर सांगाडा स्क्रिप्टने उभारा आणि तिला बोलावून मग सीडी करणारं छोटं फंक्शन लिहा. त्या फंक्शनमध्ये एक्झिट लिहू नका, रिटर्न लिहा. एक्झिटने तुमचा चालू शेलच बंद होईल. सेट -ई (कमांड फसली की तिथेच थांबवणारी सेटिंग) सुद्धा स्क्रिप्टमध्येच राहू द्या. फंक्शनमध्ये लावलात तर तो काम झाल्यावरही शेलमध्ये चालू राहतो आणि नंतरच्या पहिल्याच फसलेल्या कमांडला टर्मिनल मिटतो.