हॅण्डल थरथरतंय की गाडी डुलतेय?

बाइकवाल्याने "गाडी हलते" एवढंच सांगितलं की मेस्त्रीचा पाना आधी कोनसेटकडे, म्हणजे हॅण्डल ज्यावर फिरतं त्या बेरिंगकडे जातो. माझा कोनसेट असा दोनदा आवळून झाला. पुणे-सातारा हायवेवरचं हलणं जागच्या जागी, वर यवतेश्वर घाटात वळणावर हॅण्डल जड लागायला लागलं. दुखणं मागे होतं आणि मलम पुढे चाललेलं.

नुसतं हॅण्डल थरथरतं तेव्हा ते डावीउजवीकडे सेकंदाला 5-10 वेळा, मोजताच येऊ नये असं फडफडतं. बहुतेकदा ताशी 60 ते 80च्या दरम्यान, ॲक्सिलरेटर सोडल्यावर. गाडी डुलते ते वेगळं. तेव्हा मागून कुणी सीट धरून झुलवतंय असं वाटतं, सेकंदाला जेमतेम 2-3 झोके. वेग वाढेल तसे झोके वाढतात, मागे जड सामान असलं तर आणखीच.

थरथर असेल तर कोनसेट, पुढचं टायर, रिम आउट (वाकडी) आहे का ते बघा. गाडी मेन स्टँडला लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला. पुढचे शॉकअप खालून धरून पुढेमागे ढकला. 'टक्' लागलं तर कोनसेट ढिला. हॅण्डल हळू फिरवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेटला खड्डे पडलेत. तो आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

डुलत असेल तर आधी मागच्या टायरची हवा बघा, फुकटात होतं. मग मेन स्टँडवरच चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) धरून आडवा हलवा. चिमटाच हलला तर त्याच्या सांध्यातले बुश गेले. चिमटा घट्ट आणि चाक तेवढं हलतंय, तर चाकाचं बेरिंग.

या दोन्हींत भिंत नाही म्हणा. मागे मोठी पेटी लावली की पुढचं चाक हलकं होतं आणि चांगल्या कोनसेटवरही हॅण्डल थरथरू शकतं. चालत्या गाडीवर दोन्हींपैकी काहीही झालं तरी कचकन ब्रेक मारू नका, हॅण्डलशी कुस्तीही नको. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, अंग थोडं पुढे घ्या.

जास्त आवळलेला कोनसेटही वाईटच. तोल सांभाळायला हॅण्डल सतत बारीक बारीक फिरत असतं, ते अडलं की गाडी कमी वेगातही सरळ चालत नाही. माझ्या गाडीचे चिमट्याचे बुश बदलले, डुलणं गेलं. कोनसेट मात्र परत जाऊन ढिला करून आणावा लागला.