टॉप की रोव्हिंग? लोकरीच्या मेळ्यातला नेहमीचा घोटाळा

मेरीलँडमधला मे महिन्यातील मेळा असो, न्यूयॉर्क राज्यातील राइनबेक येथे ऑक्टोबरात भरणारा असो किंवा इंग्लंडात कॉकरमथला जूनमध्ये होणारा वूलफेस्ट असो, ड्रॉप स्पिंडल, म्हणजे सुतावर लटकत फिरणारी टकळी, नुकतीच हाती घेतलेला माणूस तिथून रंगीत लोकरीची एक जाडजूड वेणी घेऊन बाहेर पडतो आणि आपण रोव्हिंग घेतल्याचे सांगतो. बहुतेक वेळा ते रोव्हिंग नसते, टॉप असतो. दोन्ही वस्तू वरवर सारख्याच दिसतात, कारण दोन्ही म्हणजे धुऊन तयार केलेल्या लोकरीचा लांबच लांब, जवळजवळ पीळ नसलेला पट्टा. आणि दुकानांच्या पाट्यांवरही दोहोंना सर्रास एकच नाव दिलेले असते, ज्याचा मला मनापासून राग येतो. घोटाळा नुसता नावाचा असता तर तो सोडून देता आला असता. पण या दोन पट्ट्यांना हाताची दोन वेगळी वळणे लागतात, आणि एकाचे वळण दुसऱ्यावर चालवले की स्पिंडल धाडकन जमिनीवर पडते. मग कातणारा स्वतःला दोष देतो, नाहीतर स्पिंडलला.

रोव्हिंग समजावण्यात मराठी वाचकाचा फार वेळ घ्यायला नको. ज्याने शाळेत टकळीवर कापूस कातला आहे किंवा घरातील वडीलधाऱ्यांना चरख्यावर कातताना पाहिले आहे, त्याला पेळू ठाऊक असतो, आणि पेळू व रोव्हिंग एकाच कुळातील आहेत. दातेरी कार्डांच्या दोन पृष्ठभागांमध्ये लोकर घोळवली की तंतू सुटे होतात, पण काटेकोर सरळ होत नाहीत; आखूड, लांब, आडवे, तिरपे असे सगळे एकमेकांत गुंतून राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. हातकार्डांवरून उतरवून गुंडाळले तर लोकरीचा पेळू होतो, ज्याला तिकडे रोलॅग म्हणतात. फिरत्या दातेरी ड्रमवरून उतरवले तर बॅट नावाची जाड चादर निघते. आणि गिरणीच्या यंत्रातून पट्टी होऊन बाहेर पडले तर रोव्हिंग. आपल्या घोंगडीचे सूतही याच घराण्यातले आहे. दख्खनी मेंढीची आखूड आणि राठ लोकर पिंजून कातली जाते, आणि मागावरची ओढ व घासणी सोसता यावी म्हणून ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात.

टॉप फणीतून येतो. लांब दातांच्या फण्यांतून लोकर ओढली की लांब तंतू एका दिशेने समांतर लागतात, आणि आखूड तंतू, गाठी व कचरा फणीतच मागे राहतो. या उरलेल्या भागाला नॉइल म्हणतात आणि तो वेगळा विकला जातो. यॉर्कशरमध्ये हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने, निखाऱ्यांवर तापवलेल्या फण्यांनी आणि तेलाचा हात देऊन चालत असे; पुढे लिस्टर, होल्डन आणि नोबल यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांनी ते कारागीर देशोधडीला लावले. (या कारागिरांचा रक्षक संत ब्लेझ. लोखंडी फण्यांनी त्याचा छळ झाला अशी आख्यायिका आहे, आणि त्याच हत्यारावर पोट भरणाऱ्यांनी त्याला आपला मानावे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.) ब्रॅडफर्डच्या बाजारात लोकरीची प्रत ठरे तीदेखील टॉपवरूनच: एक पौंड टॉपमधून ५६० वारांच्या किती लडी कातता येतील, तो तिचा नंबर. ६४ नंबरची लोकर म्हणजे एका पौंडात ३५,८४० वार सूत, एवढी बारीक. टॉपपासून रीतसर कातलेले सूत म्हणजे वर्स्टेड, जे सुटाच्या कापडामुळे आपल्याला माहीत असते. अमेरिकी विणकामाच्या नमुन्यांत वर्स्टेड हे निव्वळ जाडीचे माप असते. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

इथपर्यंतचे बहुतेकांना समजते, आणि समजते म्हणूनच पुढची चूक होते. टॉप आणला की गुळगुळीत, चमकदार, घट्ट वर्स्टेड सूत निघणार आणि रोव्हिंग आणले की फुगीर, हलके, उबदार वूलन सूत निघणार, असे धरून चालले जाते. लोकरीची तयारी हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग तंतू ओढत असताना पीळ कुठे अडवला जातो यावर ठरतो, आणि नेमके हेच पाटीवर लिहिलेले नसते, दुकानदार सांगत नाही आणि मेळ्यातील तासाभराच्या वर्गातही घाईघाईने उरकले जाते.

कातताना एका हातात लोकर असते, दुसऱ्या हाताची चिमूट सुतावर असते, आणि या दोहोंच्या मध्ये तंतूंचा एक मोकळा पंखा पसरलेला असतो. सारा प्रश्न इतकाच आहे, की स्पिंडलकडून वर चढणारा पीळ या पंख्यात शिरू द्यायचा की नाही.

टॉपच्या बाबतीत अजिबात शिरू द्यायचा नाही. चिमूट घट्ट ठेवून पीळ तिच्याखाली रोखायचा, पंख्यातून हवे तेवढेच तंतू ओढून घ्यायचे, आणि ओढणे पुरे झाल्यावरच चिमूट वर सरकवायची, म्हणजे ती तंतूंना चापून बसवत जाते आणि पीळ तिच्या मागोमाग चढतो. समांतर तंतू आपल्या पूर्ण लांबीभर शेजाऱ्यांना लागून असतात. ते सुटे असेपर्यंत सहज घसरतात, पण एकदा का त्यांच्यात पीळ शिरला, की सगळी लांबी एकाच वेळी आवळली जाते आणि मग तो भाग कितीही ओढला तरी हलत नाही. तिथे गाठोडे होते, त्याच्या पुढे सूत केसाएवढे बारीक होते, आणि त्या बारीक जागी सूत तुटून स्पिंडल खाली पडते.

रोव्हिंगमध्ये व्यवहार उलटा आहे. तिथे पीळ पंख्यात गेला तर काम बिघडत नाही, उलट सुधारते. पीळ आधी बारीक जागी धावतो, कारण बारीक जागा वळायला कमी जोर लागतो. तिथे तो तंतूंना धरून ठेवतो, आणि जाड जागा मात्र सैल राहतात. अशा स्थितीत हात मागे नेला की जाड जागाच लांबतात, बारीक जागा जशाच्या तशा राहतात, आणि सूत आपोआप सारखे होत जाते. चरख्यावर कापूस कातणाऱ्याचा डावा हात पेळू घेऊन एका दमात मागे जातो तो याच तत्त्वावर. म्हणूनच टकळी-चरख्यावर हात बसलेला माणूस टॉपसमोर नवख्यापेक्षा अधिक अडखळतो: त्याची बोटे सवयीने पीळ मोकळा सोडतात, टॉप आवळला जातो, आणि इतकी वर्षे कातून हे कसे जमत नाही, म्हणून तो चिडतो.

त्यात ड्रॉप स्पिंडलची आणखी एक भानगड आहे. कापसाची टकळी अगदी हलकी असते आणि तिचे टोक वाटीत टेकवूनही कातता येते, तर तीस-चाळीस ग्रॅमची ड्रॉप स्पिंडल पूर्णपणे सुतावर लटकलेली असते. रोव्हिंगच्या अर्धवट पिळलेल्या सैल भागावर हे वजन आले, की कातणाऱ्याने ओढण्याआधी स्पिंडलच तंतू ओढू लागते आणि खाली येते. रोव्हिंग हवे असेल तर हलकी स्पिंडल घ्यावी, छोट्या छोट्या वावाने काम करावे, आणि सुरुवातीला स्पिंडल फिरवून गुडघ्यांत धरून ठेवावी व साठलेला पीळ सावकाश वर सोडत ओढावे. लांब हाताने मागे जाणारी चरख्याची पद्धत लटकत्या स्पिंडलवर चालवायला फार सराव लागतो. ज्यांना तीच प्रिय आहे त्यांनी टेकवून फिरवायची स्पिंडल घ्यावी, कारण कातण्यात हट्टाला बक्षीस नसते. टॉपच्या सुताला मात्र पीळ पूर्ण चढल्यावर हेच वजन उपयोगी पडते, कारण लांब तंतूंचे सूत ते सहज पेलते आणि ताणामुळे अधिक एकसारखे बसते.

हातांमधील अंतराची गोष्टही इथेच सांगतो, कारण टॉपबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिच्यातून निघतात. दोन हातांत किमान एका तंतूच्या लांबीएवढे अंतर हवे. वेन्स्लीडेल मेंढीचा तंतू २० ते ३० सेंटीमीटर लांब असतो. हात चार बोटांवर ठेवून कोणी तो ओढू लागले तर एकाच तंतूची दोन टोके दोन हातांत येतात, आणि जगातील कोणतीही लोकर अशी निघणार नाही. त्यावर लोकर चिकटून बसली आहे, दुकानदाराने जुना माल दिला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रंगवताना टॉप कधी कधी खरोखर दबतो हे खरे आहे, पण तो आडवा ताणून झटकला की मोकळा होतो. आधी हात लांब करून पाहावेत.

मेळ्यात उभे असताना ओळखायचे कसे, याची परीक्षा सोपी आहे. पट्ट्याच्या टोकाचा झुपका हलकेच ओढावा. सारख्या लांबीच्या, एका दिशेच्या तंतूंचा नीटस झुबका हातात आला तर तो टॉप. निरनिराळ्या लांबीचे, वाकडेतिकडे, धुरकट दिसणारे तंतू आले तर रोव्हिंग. विचारल्याशिवाय कोणाच्या मालाला हात लावू नये, हे सांगायला नको. रंगवून वेणी घालून टांगलेला माल जवळजवळ नेहमीच टॉप असतो, पाटी काहीही म्हणो. अमेरिकेत अशी वेणी बहुधा चार औंसांची असते, ब्रिटनमध्ये शंभर ग्रॅमची. भाव, रंग आणि मेंढीच्या जातीचे कौतुक यांवरून मात्र काहीच ठरत नाही.

काय घ्यावे, यावर माझे मत पक्के आहे. पहिल्यांदा ड्रॉप स्पिंडल धरणाऱ्याने रॉमनी किंवा कॉरिडेल जातीच्या मेंढीचे कार्ड केलेले, न रंगवलेले रोव्हिंग घ्यावे. त्यातील तंतू एकमेकांना धरून राहतात आणि कातणाऱ्याला विचार करायला वेळ देतात. हात थोडा बसल्यावर ब्लूफेस्ड लेस्टरचा टॉप घ्यावा, जो लांब आहे, मऊ आहे आणि पीळ अडवण्याची शिस्त न रागावता शिकवतो. सुपरवॉश मेरिनोच्या झगमगत्या वेणीपासून नवख्याने दूर राहावे. मेरिनो मुळातच बारीक व तुलनेने आखूड, त्यात ती यंत्रात धुता यावी म्हणून तंतूवरील खवले क्लोरीनने झिजवून वर पॉलिमरचा लेप दिलेला असतो. म्हणजे तंतूने तंतूला धरण्याचे जे नैसर्गिक साधन, तेच काढून टाकलेले. ही वेणी दुकानात सर्वांत पुढे टांगलेली असते आणि सर्वांत जास्त स्पिंडली तीच पाडते. मेळ्यातून अख्खी न धुतलेली लोकर उचलणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना फणी मारायची की कार्ड, हे घरी ठरवता येते, पण आधी तीतील चरबी धुऊन काढण्याची तयारी हवी.

सूत दुपदरी करून लडी झाल्यावरही हा भेद सुटत नाही. वूलन सुताची लडी गरम पाण्यात भिजवून, मग थंड पाण्यात बुडवून, पिळून मोरीच्या कठड्यावर दोनचार वेळा जोराने आपटावी, म्हणजे तंतू किंचित आटून एकमेकांना धरतात आणि सूत फुलते. वर्स्टेडच्या लडीला हा मार देऊ नये; चापून बसवलेले तंतू उगाच विस्कटतात. ती कोमट पाण्यातून काढून, टॉवेलात दाबून, सावलीत वाळत घालावी, आणि ती सरळ व्हावी म्हणून खाली वजन अडकवण्याची जी पद्धत काही जण सांगतात ती मला पसंत नाही, कारण वजनाने आलेला सरळपणा विणलेला स्वेटर पहिल्या धुण्यातच परत करतो.