उतारवयातील शुगर लो होणे

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाणे. सत्तरी उलटलेल्यांना यातला धोका जास्त, कारण शरीराला सावध करणारी संप्रेरकेच त्या वयात मंदावलेली असतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. साखर घसरली की निरोगी शरीर इन्सुलिन आवरते आणि ग्लुकागॉन व ॲड्रेनॅलिन ही साखर वाढवणारी संप्रेरके सोडते. हातपाय थरथरतात, धडधडते, घाम फुटतो. वयाबरोबर आणि जुन्या मधुमेहात हा इशारा क्षीण होतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. मग म्हातारे माणूस एकदम असंबद्ध बोलू लागते, तोल जातो, ग्लानी येते. घरचे वयाला दोष देतात किंवा अर्धांगवायू समजतात. दवाखान्यात नेण्याची तयारी करतानाच बोटातला थेंबभर रक्ताचा नमुना ग्लुकोमीटरवर पाहावा.

मूत्रपिंड थकलेले असेल तर ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम रेंगाळतो आणि उपचाराने वर आलेली साखर पुन्हा घसरते. वृद्धांना ही गोळी शक्यतो देऊ नये. एकटी मेटफॉर्मिन साखर क्वचितच इतकी खाली नेते.

सातारा जिल्ह्यात आषाढी वारीच्या दिवसांत या दुखण्याकडे विशेष लक्ष हवे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. दिंडीत वयस्कर वारकरी पुष्कळ. चाल रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त, जेवण पंगत बसेल तेव्हा, गोळी मात्र ठरल्या वेळेला. चालणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढतात, त्यात एकादशीचा उपवास. निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा नव्याने ठरवून घ्यावी. मनानेच गोळी सोडणेही धोक्याचे.

रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर सावरल्यावर काही खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साखर-गुळाचा उपयोग उशिरा होतो, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन रोखतात. अशा वारकऱ्याच्या पिशवीत ग्लुकोज पावडरच हवी.