अमेरिकेत औषधं इतकी महाग कशी झाली?

अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचे दर इतके चढे का, असं विचारलं की कंपन्या संशोधनाच्या खर्चाकडे बोट दाखवतात. खर्च होतो, बरेचसे प्रयोग फसतात, हे खरंच. पण मग तीच कंपनी तेच औषध दुसऱ्या देशांत कितीतरी कमी दरात कशी देते? याचं उत्तर अमेरिकी संसदेत वेळोवेळी काय मंजूर झालं आणि काय गाळलं गेलं, त्यात आहे.

डिसेंबर 1959 मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी औषध कंपन्यांची जाहीर सुनावणी सुरू केली. पहिला विषय होता शेरिंग कंपनीची प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी. एका गोळीतल्या मूळ औषधाचा खर्च सुमारे 1.6 सेंट, आणि दुकानदाराला ती मिळायची 17.9 सेंटला. केफॉव्हर यांचा प्रस्ताव धाडसी होता: नव्या औषधावर तीन वर्षं मक्तेदारी, नंतर रॉयल्टी घेऊन इतरांनाही उत्पादनाचा परवाना. तेवढ्यात थॅलिडोमाइडचं प्रकरण उघडकीला आलं: गरोदरपणी हे औषध घेतलेल्या बायकांची बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. 1962 च्या कायद्यात औषध गुणकारी असल्याचं सिद्ध करण्याची सक्ती आली, रुग्णांच्या दृष्टीने ती फारच मोलाची. दराविषयीची कलमं मात्र वाटेतच गळाली. माझ्या मते खरी संधी हुकली ती इथे.

1984 च्या कायद्याने जेनेरिक औषधांचा रस्ता मोकळा केला, पण पेटंटची मुदत वाढवून घेण्याची सोयही ठेवली.

मग आलं 2003. ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात चिठ्ठीवरची औषधं आणणारा कायदा झाला, पण कंपन्यांशी दराची घासाघीस करायला सरकारला त्यातच मनाई केली गेली. एवढा मोठा गिऱ्हाईक, आणि त्याने भाव करायचा नाही! हे विधेयक पुढे नेणारे प्रतिनिधीगृहाचे सदस्य बिली टॉझिन 2005 मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले.

2013 च्या अखेरीस हेपटायटिस सी हा यकृताचा आजार बरा करणारं सोवाल्डी हे औषध आलं. ते विकणाऱ्या गिलियड कंपनीने अमेरिकेत 12 आठवड्यांच्या उपचाराचा दर ठेवला 84,000 डॉलर, म्हणजे गोळीमागे 1,000. इजिप्तमध्ये तोच उपचार 900 डॉलरला. सिनेटच्या चौकशीत कंपनीची अंतर्गत कागदपत्रं पाहिली गेली, तेव्हा दर ठरवताना जास्तीत जास्त महसुलाचाच विचार झाल्याचं 2015 मध्ये समोर आलं.

इन्शुलिनचं तर अधिकच वाईट वाटतं. त्याच्या संशोधकांनी 1923 मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं. नंतरच्या सुधारित इन्शुलिनपैकी ह्युमॅलॉगची कुपी 1996 मध्ये 21 डॉलरला होती. दोन दशकांत ती 250 डॉलरच्या वर गेली. औषध तेच होतं. पैसे पुरेनात म्हणून लोक डोस कमी करू लागले, आणि काहींचा त्यात जीव गेला.

2022 च्या कायद्याने मेडिकेअरला अखेर घासाघिशीचा अधिकार दिला. पहिल्या दहा औषधांचे ठरलेले दर जानेवारी 2026 पासून लागू झाले. मात्र मंजुरीला किमान सात वर्षं झाल्याशिवाय गोळ्या या यादीत येत नाहीत, आणि बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनणाऱ्या, औषधांना तर अकरा वर्षं लागतात. मेडिकेअरच्या रुग्णांसाठी इन्शुलिनचा खर्च महिना 35 डॉलरवर बांधला गेला. खासगी विमा असलेल्यांनाही ही मर्यादा लागू करणारी तरतूद मात्र सिनेटमध्ये 57 विरुद्ध 43 अशी मतं मिळूनही पडली, कारण 60 मतं लागत होती.