आर्थिक साक्षरता : कोकण किनारपट्टीतील शासकीय उपक्रम

उत्पन्न, खर्च, बचत, कर्ज, विमा, गुंतवणूक आणि निवृत्तिवेतन यांबाबतचे निर्णय माणसाला समजून-उमजून घेता यावेत, यासाठी लागणारी माहिती, हिशेबाची सवय आणि कागद वाचण्याची तयारी म्हणजे आर्थिक साक्षरता. केंद्र व राज्य शासन, रिझर्व्ह बँक, नाबार्ड (शेती व ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँका यांच्यामार्फत त्यासाठी देशभर शिबिरे, केंद्रे व मोहिमा चालतात. या नोंदीत पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा, म्हणजे मुख्यतः मुंबईबाहेरच्या ग्रामीण किनाऱ्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : कोकणातील घरखर्च दीर्घकाळ मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालला. गिरणी, गोदी किंवा हॉटेलात राबणारा चाकरमानी पैसे पाठवी आणि गावाकडची माणसे त्यातून घर, शेती व सणवार भागवून उरलेले पोस्टात टाकत. पुढे खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतून आखाती देशांत गेलेल्यांच्या पैशाची त्यात भर पडली. अल्पबचतीचा प्रसारही येथे जुना आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील एजंट बाई घरोघर जाऊन आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करी. आर्थिक शिक्षण हा शब्द रूढ होण्याआधी अनेक गृहिणींनी पासबुक वाचायला तिच्याकडूनच शिकून घेतले.

त्यामुळे ‘बचत करा’ हा सरकारी शिबिरांचा आवडता धडा येथे काहीसा अनाठायी ठरतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बँकांत ठेवी भरपूर असतात, पण त्या मानाने कर्जवाटप कमी होते. ग्रामीण व निमशहरी शाखांनी कर्ज-ठेव गुणोत्तर, म्हणजे ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जाचे प्रमाण, ६० टक्क्यांपर्यंत न्यावे अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. ज्या जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या खाली जाते, तेथे खास उपसमिती नेमावी लागते. कर्जाची धास्ती हे या दरीचे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण सामाईक सातबारा हे आहे. आजोबा-पणजोबांच्या नावाची जमीन वाटणीविना राहते, उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे चढतात आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईत किंवा त्याही पलीकडे असतात. एवढ्या जणांच्या संमतीवाचून बँक तारण घेत नाही. अशा माणसाला उणीव असते ती वारसनोंद, वाटणीपत्र आणि फेरफार यांच्या माहितीची. शिबिरात मात्र त्याच्यापुढे तलाठी नसतो, बँकेचा अधिकारी असतो.

यंत्रणा : डिसेंबर १९६९ मध्ये सुरू झालेल्या अग्रणी बँक योजनेनुसार प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर असते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गात ती बँक ऑफ इंडियाकडे, तर ठाणे व पालघरमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक आणि रिझर्व्ह बँकेचे प्रतिनिधी बसतात. २०१२ मधील रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वित्तीय साक्षरता केंद्रे आणि ग्रामीण शाखा यांनी नियमित शिबिरे घ्यायची असतात. २०१७ पासून स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने तालुका पातळीवर वेगळी केंद्रे उभारण्याचा उपक्रम सुरू झाला. रिझर्व्ह बँक, सेबी (रोखे बाजाराची नियामक संस्था), विमा नियामक आणि निवृत्तिवेतन नियामक या चौघांनी मिळून स्थापन केलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र नवी मुंबईत आहे, तर सेबीच्या राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेचा मोठा परिसर रायगडमधील पाताळगंगा येथे आहे. देशाला गुंतवणूक शिकवणाऱ्या संस्था अशा कोकणाच्या उंबरठ्यावरच आहेत, पण डोंगरातल्या वाड्यांपर्यंत त्यांचा थेट संबंध क्वचितच पोहोचतो. राष्ट्रीय केंद्राच्या २०१९ मधील पाहणीत देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते.

आंबा, उचल आणि विमा : आर्थिक शिक्षणाची खरी कसोटी हापूसच्या बागेत लागते. बागायतदाराला फवारणी, राखण आणि मजुरीसाठी हंगामाच्या कितीतरी आधी पैसा लागतो. तो अनेकदा वाशीच्या घाऊक बाजारातील दलालाकडून उचल म्हणून आगाऊ येतो आणि मग पेट्या त्याच्याच गाळ्यावर उतरवाव्या लागतात. हमाली, वाहतूक आणि उचल वजा होऊन हाती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडते. या उचलीवर व्याजाचा दर कुठे लिहिलेला नसतो. तो भावातून वसूल होतो, अशी बागायतदारांची नेहमीची तक्रार असते. दुसऱ्या बाजूला, तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राच्या सवलतीने व्याज ४ टक्क्यांवर येते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेही माफ होते. उचल आणि पीककर्ज यांचे हे दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवणारे शिबिर दहा भाषणांचे काम करते. तरीही दलाल सुटत नाही, कारण तो सातबारा मागत नाही आणि रात्री फोन केला तरी पैसे पाठवतो. बँकेच्या व्यवहारातली ही उणीव कितीही साक्षरता आली तरी भरून निघणारी नाही.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंबा व काजू या दोन्ही पिकांना संरक्षण मिळते. येथे नुकसानभरपाई झाडावरचे फळ मोजून ठरत नाही. अवेळी पाऊस, नीचांकी किंवा उच्च तापमान यांची ठरलेली मर्यादा ठरलेल्या दिवसांत ओलांडली गेली की भरपाई लागू होते आणि त्यासाठी महसूल मंडळातील (काही गावांच्या महसुली गटातील) स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद प्रमाण मानली जाते. समुद्राकाठच्या कातळावरची बाग आणि खाडीच्या वरच्या अंगाची बाग यांच्या हवेत फरक असतो. केंद्र मात्र मंडळात एकच. मोहोर डोळ्यांदेखत काळा पडला तरी यंत्राने मर्यादा ओलांडलेली नसेल, तर पैसे मिळत नाहीत. हे आधी न समजल्यामुळे ‘विमा म्हणजे फसवणूक’ असा समज गावोगाव पसरला. योजनेचे तक्ते मराठीत उपलब्ध असतात, पण ते कुणीतरी समोर बसून उलगडावे लागतात. कृषी सहायक आणि विमा प्रतिनिधी यांनी एकत्र घेतलेल्या बैठकांचा उपयोग दिसतो तो एवढ्याचसाठी.

मच्छीमार : किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ च्या अर्थसंकल्पाने मत्स्यव्यवसायालाही लागू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. होडीवर पगार नसतो, वाटा असतो. तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा), खलाशाचा आणि मालकाचा. जून-जुलैच्या बंदीकाळात वाटा शून्य होतो. त्यामुळे महिन्याच्या पगाराभोवती आखलेले ‘मासिक अंदाजपत्रक’ येथे उपयोगी पडत नाही. हंगामी हिशेब शिकवावा लागतो. डिझेलवरील कराच्या परताव्याचा व्यवहार मच्छीमार सोसायटीमार्फत होतो आणि तो रखडला की सोसायटीच्या हिशेबाविषयी बंदरावर बरेच बोलले जाते. मासळी विकणाऱ्या कोळणी रोखीत आणि भिशीत तरबेज असतात, पण त्यांच्या नावावर कर्जाची नोंद नसते.

महिला बचत गट : महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, यांचे काम किनाऱ्यावर सर्वांत खोल गेलेले आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन ही पंचसूत्री गटातली साधी बाई घडाघडा सांगते. बँक सखी, म्हणजे गटांना बँकेच्या कामात मदत करणारी कार्यकर्ती, तिला शाखेत घेऊन जाते, अर्ज भरून देते, शाखाधिकाऱ्याशी बोलायचे कसे तेही शिकवते. वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यात काजूगर सोलणाऱ्या बायांच्या वाट्याला मात्र वेगळीच अडचण येते. टरफलातल्या तेलाने बोटांची साल जाते, ठसे पुसट होतात आणि बँकमित्राच्या (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या) यंत्रावर अंगठा उमटत नाही. कालच पैसे खात्यात आलेले असतात, पण ‘उद्या या’ म्हणून परत जावे लागते. अशा ठिकाणी शिकवायची गोष्ट म्हणजे डेबिट कार्ड आणि त्याचा पिन, तोही लेकाच्या हाती न देता. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले, तेव्हा अनेकींना कळले की आपले आधार भलत्याच खात्याला जोडलेले आहे.

कातकरी वस्त्या : रायगड, ठाणे आणि पालघरमधील कातकरी या आदिवासी जमातीची कुटुंबे पावसाळ्यात उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. ती फिटली की नाही, याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. वहीतली बेरीज मात्र अनेकांना आजही तपासता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात या समाजासाठी आधार, जातीचा दाखला आणि बँक खाते यांची शिबिरे झाली. खाते उघडणे सोपे. मजुरी त्यात जमा करायला भट्टीमालकाला लावणे कठीण, आणि आर्थिक शिक्षणाच्या पुस्तिकांत या विषयाला जागा नाही.

फसवणूक व ठेवींची सुरक्षा : २०१० मध्ये पेण येथील नागरी सहकारी बँक अडचणीत आली आणि रायगडमधील हजारो ठेवीदार अडकले. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा लागू नसतो. पतसंस्था, नागरी बँक आणि राष्ट्रीयीकृत बँक यांतला हा फरक प्रत्येक शिबिरात पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवा, कारण बाजारपेठेत तिन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात. महामार्ग आणि प्रकल्पांसाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला एकरकमी खात्यात आला की दाम-दुपटीवाले दारात उभे राहतात. त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ वापरता येतो. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण तो तासाभरात लावला तर पैसे अडवण्याची आशा अधिक असते.

वेळ आणि हजेरी : रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीत येतो. त्या दिवसांत बागायतदार आंब्याच्या राखणीत असतो, होड्या समुद्रात असतात आणि बँका वर्षअखेरीच्या उद्दिष्टांत बुडालेल्या असतात. हजेरी भरते ती अंगणवाडी सेविका आणि गटाच्या बायांची. गणपतीत किंवा शिमग्याला सातबारावरची सगळी नावे गावात असतात. वारसनोंद, नामनिर्देशन आणि बेवारस ठेवी हे विषय तेव्हाच काढले तर उपयोग. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात आणि त्या निधीचा हेतूच ठेवीदारांना शहाणे करणे हा आहे. बंद घरांच्या कपाटांत पडलेल्या पासबुकांचा काही पैसा असा शिबिरांच्या कामी येत असणार. वारसाने कागद दाखवल्यास ती रक्कम केव्हाही परत मिळते आणि ‘उद्गम’ या रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, २०२३ पासून, आजोबांचे नाव घालून शोधता येते.