गडचिरोलीतला हिवताप: 'निर्मूलन', 'दुरीकरण' आणि गावाचा प्लॅन

हिवतापाचा प्लॅन गावाने बसून करायचा, हे आता मीटिंगमध्ये सर्रास बोललं जातं. पण ते कुठून आलं हे बघायचं तर आधी शब्दांचा गुंता सोडवावा लागतो. 1953 ला देशात कार्यक्रम सुरू झाला तो 'नियंत्रणा'चा, डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीने पेशंट इतके भराभर कमी झाले की 1958 ला त्याच कार्यक्रमाचं नाव 'निर्मूलन' झालं. 60 च्या दशकात वर्षाच्या पेशंटचा आकडा लाखाच्या आसपास आला आणि 1976 ला परत 64 लाखांवर गेला! मग 1977 ला सुधारित योजना आली, निर्मूलनाचं ध्येय बाजूला पडलं, नाव मात्र 1999 पर्यंत तेच राहिलं. आणि 2016 पासून जे चालू आहे ते 'दुरीकरण', 2030 पर्यंतचं.

बोलताना आपण दोन्हीला निर्मूलनच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. निर्मूलन म्हणजे जगातूनच रोग गेला, नंतर काही करायला नको. दुरीकरण म्हणजे आपल्या भागात डासांमार्फत लागण थांबली, पण पलीकडून ताप घेऊन कोणी आला की परत सुरू होऊ शकतं, म्हणजे शून्य झाल्यावरही लक्ष ठेवावंच लागतं. आणि भामरागड-एटापल्लीसारख्या छत्तीसगडला लागून असलेल्या तालुक्यांत ते लक्ष गावाशिवाय कोण ठेवणार? पहिल्या काळात गावाला विचारायची गरजच कोणाला वाटली नाही, पथक यायचं, फवारायचं, भिंतीवर तारीख टाकून जायचं.

आणि पथक गेलं की सणावाराला बाई शेण-मातीने भिंत सारवायची. औषध सारवणाखाली गेलं, म्हणजे डास बसतो ती भिंत कोरीच. कागदावर घर फवारलेलं. यात त्या बाईची चूक काढणं मला अजिबात पटत नाही, सारवण कधी असतं हे तिला आधी विचारलं असतं तर तारीख मागेपुढे करता आली असती. तेंदूपत्त्याचंही तसंच, मे मध्ये भल्या पहाटे माणसं जंगलात आणि घराला कुलूप. धानाच्या राखणीला रात्री शेतातल्या झोपडीत झोपतात, तिथे ना फवारणी ना मच्छरदाणी.

1977 चा अजून एक निर्णय, वर्षाला हजार लोकांमागे दोन किंवा जास्त पेशंट असतील तिथेच फवारणी. पैसा कमी होता हे मान्य, पण आकडा मोठ्या भागाचा धरला की आतला तापाने फणफणलेला पाडा सरासरीत हरवतो.

2005 नंतर आशाताई आल्या, पुढे रक्त तपासायचं किट त्यांच्या पिशवीत आलं, गाव आरोग्य समितीला वर्षाला 10,000 चा निधी आला. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा, त्यामुळे ग्रामसभा जंगलाचे निर्णय घ्यायला लागल्या, बांबू-तेंदूचा हिशोब स्वतः ठेवायला लागल्या. त्याच ग्रामसभेत सारवण कधी, तेंदू कधी, शेतावर झोपायला कोण जातं हे मांडून फवारणीची तारीख ठरवायची, मच्छरदाण्या शेतावर न्यायच्या, बाहेरून ताप घेऊन आलेल्याचं रक्त त्याच दिवशी तपासून घ्यायचं, गावाचा प्लॅन म्हणतात तो हाच.