जिवाणूजन्य प्लॅस्टिक आणि काष्ठ-संमिश्रे

खायला भरपूर कार्बन आहे, पण वाढीला लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपला आहे, अशा कोंडीत काही जिवाणू जादा कार्बन पॉलिएस्टरच्या कणांच्या रूपात पेशीत साठवतात. या पॉलिएस्टरांच्या कुळाला पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट म्हणजे पीएचए म्हणतात. त्यांतले सर्वांत परिचित ते पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, अर्थात पीएचबी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमॉन्य यांनी १९२० च्या दशकात बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत ते प्रथम ओळखले. लाकडाच्या पुडीत ते बंधक म्हणून मिसळले की जमिनीत पूर्णपणे कुजू शकणारे काष्ठ-प्लॅस्टिक संमिश्र तयार होते.

उत्पादनासाठी बहुधा क्युप्रिॲव्हिडस नेकॅटर हा जिवाणू वापरतात. त्याच्या कोरड्या वजनाचा ८० टक्के भाग पीएचबी असू शकतो. किण्वन सुमारे ३० अंश सेल्सियसला आणि ७ च्या आसपासच्या पीएचला (आम्लतेच्या मापाला) चालते. आधी भरपूर नायट्रोजन देऊन पेशींची संख्या वाढवायची, मग नायट्रोजन तोडून साखर चालू ठेवायची. तो लवकर तोडला तर साठवायला पेशीच कमी पडतात. उशिरा तोडला तर साखर पेशी वाढवण्यातच खर्ची पडते. सुदान ब्लॅकने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशी काळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसतात. घाणा कुठवर आला हे पाहण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग. १ किलो पीएचबीला हिशोबाने सुमारे २.१ किलो ग्लुकोज पुरायला हवे, प्रत्यक्षात ३ किलोच्या आसपास लागते.

शुद्ध साखरेचा आणि निर्जंतुकीकरणाचा खर्च टाळायचा तर सांडपाण्यातील मिश्र जिवाणू वापरता येतात. सेंद्रिय सांडपाणी आधी आंबवून त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपियॉनिक, ब्युटिरिक अशी आम्ले मिळवतात. मग जिवाणूंच्या गाळाला थोडा वेळ हे खाद्य आणि नंतर बराच वेळ उपास, असे चक्र देतात. साठा न करणारे जिवाणू उपासात मागे पडतात आणि साठेबाज टिकतात. प्रोपियॉनिक आम्लामुळे साखळीत व्हॅलरेटचे घटक शिरतात. असे सहबहुवारिक, म्हणजे दोन प्रकारच्या घटकांचे बहुवारिक (पॉलिमर), कमी ठिसूळ असते आणि कमी तापमानाला वितळते.

खरा खर्च पुढे आहे. पेशी फोडून पीएचबी शुद्ध करायला क्लोरोफॉर्मसारखा विद्रावक लागतो. हायपोक्लोराइट स्वस्त पडते, पण ते बहुवारिकाच्या साखळ्याही तोडते. पारदर्शक वेष्टनासाठी ही शुद्धता हवीच. तपकिरी फळीसाठी ती उधळपट्टी आहे. म्हणून पीएचबीने भरलेल्या पेशी नुसत्या धुऊन, वाळवून, दळून थेट लाकडात मिसळण्याची पद्धत अधिक समंजस वाटते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: पेशींतील प्रथिने उष्णतेने करपून माल काळपट करतात, वास येतो, आणि धुण्यात राहून गेलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पीएचबीच्या विघटनाला वेग देतात.

लाकडाची पूड साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची घेतात. १०५ अंशांना वाळवून तिच्यातील ओलावा १ ते २ टक्क्यांखाली आणतात, आणि वजनाने ३० ते ५० टक्के पूड दुहेरी स्क्रूच्या एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे तापवलेल्या नळीत माल मळून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, बंधकाबरोबर मळतात. ओल राहिली तर वाफेने माल फुगतो आणि पीएचबीच्या साखळीतले एस्टर बंधही तुटतात.

सगळ्यात अवघड बाब तापमानाची. पीएचबी १७५ अंशांच्या आसपास वितळते आणि जेमतेम १० अंश वर गेले की त्याच्या साखळ्या तुटू लागतात. पुडीचे प्रमाण वाढले की घर्षण वाढते. नळीवरचा मापक १७५ दाखवत असताना आतला लगदा १९० वर असू शकतो. लगदा अचानक पातळ झाला आणि क्रोटॉनिक आम्लाचा झणझणीत वास आला, तर माल बिघडला असे समजावे. अशा वेळी नळीचे तापमान उतरवण्याआधी स्क्रूची गती कमी करावी. नळी आधीच थंड केली तर लगदा घट्ट होतो आणि घर्षण आणखी वाढते. माल यंत्रात दोन-तीन मिनिटांहून अधिक रेंगाळू देऊ नये.

शुद्ध पीएचबीत स्फटिकांना सुरुवात करून देणारे केंद्रक फार थोडे असतात. त्यामुळे स्फटिक मोठे वाढतात आणि त्यांत तडे जातात. वस्तू साच्याला चिकटण्याची तक्रारही त्यातलीच. यावर केंद्रकांचे काम करणारे बोरॉन नायट्राइड थोडे घालतात आणि साचा गार न ठेवता ६० अंशांच्या आसपास ठेवतात. साच्यातून काढल्यावरही स्फटिकीकरण चालूच राहते आणि वस्तू दिवसागणिक ठिसूळ होत जाते, म्हणून पहिल्या दिवशीच्या ताकदीच्या आकड्यावर विसंबू नये. नमुने दोन-तीन आठवडे ठेवून मगच तपासावेत.

लाकडामुळे ताठरपणा हमखास वाढतो. ताणबळ मात्र जोडणीवर ठरते: पीएचबी पॉलिथिलीनपेक्षा लाकडाशी जास्त जुळते, तरी मलेइक अ‍ॅनहायड्राइड चढवलेले पीएचबी किंवा आयसोसायनेट घातल्याशिवाय पकड पुरेशी येत नाही. आघात सोसण्यात हे संमिश्र कच्चेच राहते.

मातीतले जिवाणू आणि बुरशी विकरे सोडून पीएचबी पृष्ठभागावरून खातात, त्यामुळे पातळ वस्तू लवकर संपते आणि जाड फळी रेंगाळते. लाकडाचे कण पाणी आत ओढून विघटनाला वाट देतात. म्हणूनच जमिनीला टेकणाऱ्या टिकाऊ बांधकामाला हा माल चालत नाही. रोपांच्या कुंड्या, खुंट्या, तात्पुरते साचे यांना चालतो. हवाबंद कचरा-भरावात पुरला तर विघटनातून मिथेन वायूही निघतो.